मानसशास्त्रज्ञ नेमले, पण त्यांना माहिती कोण पुरवणार?

मानसिक आरोग्याची सेवा शहरातल्या मनोरुग्णालयापुरती न ठेवता तालुक्याच्या आणि गावाच्या दवाखान्यापर्यंत न्यावी, हे धोरण आपल्याकडे नवे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगाच्या अनुभवावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि सरकारी आरोग्यसेवेतून मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. मराठवाड्याला या विकेंद्रीकरणाची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, कारण राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत आणि देगलूरच्या किंवा सेनगावच्या माणसाला त्यांतले एकही जवळ नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प हाती घेतला, त्यात मराठवाड्याचे सगळे जिल्हे होते. तेव्हा सरकारला प्रश्न कळलाच नाही, असे म्हणता येणार नाही.

मात्र या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पदे किती असावीत, औषधे कोणती ठेवावीत, जिल्हा कार्यक्रमाच्या पथकाने कोणत्या वारी कोणत्या रुग्णालयात जावे, नोंदवहीत रकाने किती असावेत, या सगळ्याचा विचार झाला, तरी एक गोष्ट कोणाच्याच कामाच्या यादीत आली नाही. पथकातला मानसशास्त्रज्ञ रुग्णासमोर बसून जे सांगतो आणि करवून घेतो, ते कोणत्या माहितीच्या आधारावर? ती माहिती तपासलेली आहे का, ताजी आहे का, आणि त्याला ती कामाच्या वेळेत, कामाच्या भाषेत मिळते का? माझे म्हणणे असे की मानसशास्त्रज्ञाचे पद भरणे आणि त्या पदावरच्या माणसाला पुराव्याची माहिती पुरवणे ही एकाच जबाबदारीची दोन अंगे आहेत. त्यातले दुसरे अंग आपण त्या माणसाच्या व्यक्तिगत हौसेवर सोडून दिले आहे.

हा प्रश्न नेमका कोठे भेडसावतो, ते एका नमुन्यावरून पाहू. दसरा-दिवाळीच्या दरम्यान बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत असा माणूस येऊ शकतो. वय चाळिशीच्या आत. केसपेपरवर ‘झोप नाही, छातीत धडधड, अंग जड’ एवढीच नोंद. अशक्तपणा आहे म्हणून त्याने दोनदा सलाईन लावून घेतले आहे, खासगी डॉक्टरने दिलेली झोपेची गोळी काही महिने चालू आहे आणि संध्याकाळी थोडी दारूही आहे. माणूस ऊसतोड कामगार आहे. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेऊन झाली आहे, नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, पंधरा दिवसांत कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर जाणार आहे, परत येणे थेट उन्हाळ्यात. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याला ‘समुपदेशनासाठी’ असे लिहून शेजारच्या खोलीत पाठवले आहे. त्या खोलीत मधुमेहाच्या तपासणीचेही टेबल असते आणि दार लोटून कोणीही आत येते.

मानसशास्त्रज्ञाच्या डोक्यात आता पाच-सहा प्रश्न एकदम उभे राहतात. हे नैराश्य आहे, चिंताविकार आहे की दारूचा परिणाम? ते ठरवण्यासाठी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वाचून दाखवली, तर निरक्षर माणसाच्या तोंडी उत्तरांवरून आलेल्या गुणांवर कितपत भरवसा ठेवायचा? झोपेची गोळी एकदम थांबवू नये, हे त्याला सांगायला हवे. पण डॉक्टर ती हळूहळू कमी करत असताना आपण कोणता आधार द्यायचा? दारू आणि उदासी दोन्ही असतील तर आधी हात कशाला घालायचा? सहा-आठ बैठकांचा उपचार दोन बैठकांत बसतो का? उरलेल्या बैठका फडावर फोन करून घेतल्या तर उपयोग होतो का? यातला एकही प्रश्न पुस्तकी नाही. उत्तर चुकले तर तो माणूस सहा महिने पुन्हा कोणाच्याच हाती लागणार नाही. बाहेर रांग असते, आणि बहुतेक वेळा मानसशास्त्रज्ञ पदव्युत्तर अभ्यासक्रमात जे शिकले होते त्यातले आठवेल ते वापरतात.

रुग्ण तपासताना मनात आलेल्या प्रश्नांचे पुढे काय होते, याचा डॉक्टरांच्या बाबतीत बराच अभ्यास झाला आहे. अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साधारण दर दोन रुग्णांमागे एक प्रश्न पडतो, त्यांपैकी निम्म्या प्रश्नांचाच पाठपुरावा होतो, आणि ज्यांचा पाठपुरावा होतो त्यांतील सुमारे ७८ टक्क्यांना उत्तर सापडते. उरलेले निम्मे प्रश्न सोडून दिले जातात ते मुख्यतः वेळ नसतो म्हणून आणि शोधूनही काही सापडेल याची खात्री वाटत नाही म्हणून. डॉक्टरांची निदान एक सोय आहे: औषध कंपनीचा एमआर, म्हणजे औषधांची माहिती देत फिरणारा प्रतिनिधी, दाराशी येऊन, पक्षपाती का होईना, काही माहिती टेबलावर ठेवून जातो. मानसोपचाराचा एमआर नसतो. बोलण्याच्या उपचारातून कोणाला गोळी विकायची नसल्यामुळे त्याची नवी माहिती तालुक्यापर्यंत आणून पोचवण्यात कोणाचाच धंदा नाही, आणि ज्यात धंदा नाही ते काम शासनाने उचलायचे असते.

यावर पहिले उत्तर येते ते असे की माहिती तर आता सगळीकडे उपलब्ध आहे. ते अर्धेच खरे आहे. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि सुमारे तेरा हजार नियतकालिके असा तिचा पसारा आहे, आणि लाभ आहे तो सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. म्हणजे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी या दारातून आत जाऊ शकतो. तिथून फार दूर नसलेल्या केजच्या किंवा धारूरच्या रुग्णालयात कंत्राटी नेमणुकीवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ मात्र योजनेच्या रचनेतच बाहेर राहतो. ही त्रुटी दूर व्हायलाच हवी. पण ती दूर झाल्याने आपला प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ मध्ये कॉक्रेन लायब्ररी, म्हणजे उपचारांच्या चाचण्यांचे शिस्तशीर आढावे, देशात सर्वांना मोफत वाचता येतील अशी सोय केली होती. त्या स्तुत्य निर्णयामुळे तालुक्याच्या ओपीडीत काय बदलले असे विचारले, तर बोट ठेवून दाखवावे असे काही आठवत नाही. तेरा हजार नियतकालिके खुली करणे ही संशोधकाची सोय झाली. रांग बाहेर उभी असलेल्या माणसाला नियतकालिक नको असते, त्याला उत्तर हवे असते.

उत्तर हवे म्हणजे कसे हवे, हे समजण्यासाठी आपल्या शेजारचेच एक उदाहरण पुरेसे आहे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१७ मध्ये छापून आले. उपचार देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक होते. पद्धत साधी होती: उदासीमुळे माणसाने सोडून दिलेली, पूर्वी त्याला बरे वाटणारी आणि गरजेची कामे हळूहळू, ठरवून पुन्हा सुरू करायची. सहा ते आठ बैठका, त्याही आरोग्य केंद्रात किंवा घरी. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते, नेहमीच्या उपचाराच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते, आणि वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ उपक्रमाचे निष्कर्षही त्याच वर्षी आले. नैराश्य असलेल्यांपैकी कोणत्या तरी सेवेपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. विलायतेतल्या प्रयोगशाळेत नव्हे, कोकणी आणि मराठी बोलणाऱ्या माणसांमध्ये, आपल्यासारख्याच आरोग्य केंद्रांत आणि आपल्यासारख्याच कापूस-सोयाबीनच्या गावांत हे काम झाले आहे. ‘हे सगळे पाश्चात्त्य आहे’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी निदान एवढे वाचलेले असावे, अशी अपेक्षा गैर नाही.

पण आपल्या ऊसतोड कामगाराला या चाचणीचे उत्तर जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण त्याच्याकडे आठ आठवडे नाहीत. फोनवरच्या उपचाराविषयी अमेरिकेत शिकागो परिसरातील प्राथमिक सेवेच्या ३२५ रुग्णांवर झालेली एक चांगली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. समोरासमोरच्या बैठकांपेक्षा फोनवर उपचार अर्ध्यात सोडणारे कमी निघाले, उपचार संपला तेव्हा सुधारणा दोन्हीकडे सारखी होती, आणि सहा महिन्यांनी समोरासमोर उपचार घेतलेल्यांची स्थिती किंचित चांगली होती. ही माहिती उपयोगाची आहे, मात्र शिकागोच्या रुग्णाजवळ स्वतःचा फोन आणि बोलायला एक बंद खोली असते. फडावर एक फोन चौघांत असतो आणि कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, खासगी बोलणे अवघड असते. तेव्हा प्रामाणिक उत्तर साधारण असे असेल: दोन बैठका जाण्याआधी समोर घ्या, कामांचे नियोजन बायकोच्या उपस्थितीत करा, फोनची वेळ आधी ठरवा, हा मार्ग आशादायक आहे पण स्थलांतरित मजुरांवर तो तपासलेला नाही असे गृहीत धरा आणि म्हणून परत आल्यावर पुन्हा मोजमाप करा. असे उत्तर कोणत्याही एका लेखात मिळत नाही. ते कोणीतरी चार ठिकाणचे वाचून, इथली परिस्थिती ओळखून लिहावे लागते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००५ मध्ये स्वीकारलेल्या भूमिकेतही पुराव्याधारित व्यवहाराचे हेच तीन घटक आहेत: उपलब्ध असलेले उत्तम संशोधन, उपचारकाचे कौशल्य, आणि रुग्णाची परिस्थिती, संस्कृती व पसंती. तिसरा घटक शिकागोत बसून कोणी लिहून देणार नाही.

दुसरी गरज आकड्यांच्या समजेची आहे, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जाते. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्राथमिक चाळणी करणारा तक्ता, आशाताई घरोघरी जाऊन भरतात. त्यात गेल्या दोन आठवड्यांतील मनःस्थितीविषयी दोन प्रश्न आहेत. हेतू उत्तमच आहे. आता समजा, एखाद्या गावात एक हजार प्रौढ आहेत, त्यांतील पन्नास जणांना खरोखर नैराश्य आहे, आणि वापरलेली प्रश्नावली आजारी असलेल्या शंभरातल्या ऐंशींना पकडते व निरोगी असलेल्या शंभरातल्या नव्वदांना बरोबर वगळते. म्हणजे प्रश्नावली बऱ्यापैकी चांगली आहे. तरी ती खरे रुग्ण चाळीस पकडेल आणि निरोगी असलेल्या साडेनऊशेंतून पंच्याण्णव जणांवर चुकून खूण करेल. एकशे पस्तीस नावांची यादी मानसशास्त्रज्ञाच्या टेबलावर येईल आणि तीत तिघांतल्या एकाहून कमी जणांना उपचाराची गरज असेल. हा हिशोब माहीत नसेल, तर दोन चुका होतात. एक तर यादीतल्या प्रत्येकाला ‘नैराश्यग्रस्त’ ठरवून शासनाला भयंकर आकडा कळवला जातो आणि वर्तमानपत्रात मथळा होतो. नाही तर पहिले वीस-पंचवीस जण ठीकठाक निघाल्यावर पूर्ण यादीच बाजूला पडते, आणि ते चाळीस जण तीत अडकून राहतात. चाळणी लावल्यानंतरची सविस्तर मुलाखत कोणी, किती वेळात घ्यायची हे आधी ठरलेले नसेल तर चाळणी लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतरचे काम या सगळ्यांत अधिक जिव्हाळ्याचे. कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला जातो, वाचला तर काही दिवसांनी घरी येतो. नातेवाईक ‘चुकून प्यायला’ असे सांगतात, कागदोपत्री तसेच राहते, कारण पोलिसांची धास्ती असते. वास्तविक २०१७ च्या कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला चालवू नये असे म्हटले आहे आणि तिची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. हे कित्येक घरांपर्यंत पोचलेलेच नाही. आता माहितीचा भाग पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई आणि कोलंबोसह पाच देशांतील पाच ठिकाणी १,८६७ जणांवर एक चाचणी केली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. रुग्णालयातून सुटताना तासभर नीट बोलणे आणि नंतर अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढाच तो उपचार. अठरा महिन्यांनंतर नेहमीच्या पद्धतीच्या गटात आत्महत्येने १८ मृत्यू झाले होते, या गटात दोन. पुढे इतरत्र झालेल्या एका लहान अभ्यासात असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण जो उपाय स्वस्त आहे, भारतातल्या केंद्रातही तपासला गेला आहे आणि एक परिचारिका व एक फोन यांवर चालू शकतो, तो आपल्या रुग्णालयांच्या डिस्चार्ज कार्डावर कोठे आहे? पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा आणि मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना, या नऊ तारखा छापायला कितीशी जागा लागते?

उलट, ऐकायला पटणारे उपायही तपासून घ्यावे लागतात. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशक ठेवायला कुलपाची पेटी दिली तर रागाच्या भरात होणारे प्रयत्न कमी होतील, ही कल्पना कोणालाही पटेल. अनेक सेवाभावी मंडळींना ती पटते. श्रीलंकेत १८० गावांत पन्नास हजारांहून अधिक घरांना घेऊन ही कल्पना तपासली गेली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आला की पेट्या दिलेल्या आणि न दिलेल्या गावांत फरक पडला नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर मात्र आत्महत्यांचे प्रमाण खूपच खाली आले. म्हणजे पेटी वाटपासाठी निधी मागायला आलेल्या संस्थेला काय सांगायचे आणि कृषी विभागाला काय लिहायचे, हे जिल्हा पथकाला माहीत असले पाहिजे.

मदतीच्या हेतूनेच अपाय होऊ शकतो, याचे उदाहरण मराठवाड्याला जवळचे वाटावे असे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्या काळात आपत्तीतून वाचलेल्यांना लगेच एकत्र बसवून घडलेले सगळे तपशीलवार बोलायला लावण्याची एक पद्धत जगभर मान्यता मिळवत होती. मन मोकळे झाले की धक्का ओसरतो, हे गृहीतक. त्यानंतरच्या काळात चाचण्या झाल्या, आणि २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात असे दिसले की एकाच बैठकीत असे बोलायला लावल्याने पुढचा मानसिक विकार टळत नाही. एका चाचणीत तर धोका वाढलेला आढळला. जागतिक आरोग्य संघटना आता या पद्धतीची शिफारस करत नाही. २०११ मध्ये तिने मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली तिचा भर सुरक्षितता, अन्न-पाणी, आप्तांशी संपर्क आणि कोणी बोलू इच्छित असेल तर शांतपणे ऐकणे यावर आहे. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीत मराठवाड्यातली शेतेच्या शेते खरडून गेली, जनावरे वाहून गेली. अशा वेळी गावात समुपदेशनाचे शिबिर भरवून सगळ्यांना बोलते करू पाहणाऱ्या उत्साही स्वयंसेवकांना थांबवून दुसरे काय करावे हे सांगणारा जाणकार आवाज स्थानिकच असावा लागतो, आणि त्याच्या हातात मराठीतला कागद असावा लागतो.

पुराव्याची जागा रिकामी राहिली की ती भरायला बाजार तयारच असतो. लातूरला शिकवणीसाठी येणारी हजारो मुले आणि त्यांचे काळजीत पडलेले पालक हे त्या बाजाराचे हक्काचे गिऱ्हाईक. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून मेंदू ‘जागवणारे’, दोन दिवसांच्या शिबिरात अवचेतन मन बदलून देणारे असे सगळे मानसशास्त्राच्याच नावाने दुकान मांडतात. पालक जेव्हा सरकारी मानसशास्त्रज्ञाला विचारतात की हे करावे का, तेव्हा ‘मला तसे वाटत नाही’ हे उत्तर दुबळे ठरते. समोरच्या पत्रकावर रंगीत आलेख असतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि वजनदार आक्षेप रिक्त पदांचा: माणसेच नाहीत तिथे माहिती कोणाला पुरवणार? पदे भरली पाहिजेत, त्यात वाद नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत जी पाहणी केली, तीत नैराश्य आणि चिंता यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आपले चित्र वेगळे असेल असे मानायला आधार नाही). पण माणसे कमी आहेत म्हणूनच असलेल्या प्रत्येकाचा तास वाया जाऊ देणे परवडत नाही. शिवाय एकट्याने, विचारायला कोणी नसताना, कंत्राटावर काम करणे हेच माणूस नोकरी सोडून पुण्याला जाण्याचे एक कारण असते. प्रश्न विचारायला जागा असणे हीसुद्धा नोकरीची एक सोयच आहे.

दुसरा आक्षेप अनुभवी मंडळींचा. तीस वर्षे रुग्ण पाहिले, आम्हाला चाचण्यांचे आकडे कशाला? अनुभवाचा आदर ठेवूनही एक अडचण सांगावी लागते. अनुभवात मोजले जातात ते परत आलेले रुग्ण. जो पहिल्याच भेटीनंतर आला नाही तो बरा झाला, देवऋषीकडे गेला, फडावर गेला की या जगातून गेला, हे नोंदवहीतून कळत नाही. परत आलेल्यांवरून बांधलेला अनुभव नेहमीच उपचाराला झुकते माप देतो. चाचणीत मात्र न आलेल्याच्या घरी जाऊन विचारावे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: दुष्काळ, कर्ज, सोयाबीनचा पडलेला भाव यांनी खचलेल्या माणसाला मानसोपचार देणे म्हणजे राज्यकर्त्यांचे अपयश त्याच्या डोक्यात नेऊन ठेवणे होय. २०१६ मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा आक्षेप केवळ वैचारिक राहत नाही. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच पुराव्याची माहिती हवी. कोणत्या दुःखावर बैठकांनी फरक पडतो आणि कोणत्यावर पडत नाही, हे तपासलेले असेल तरच मानसशास्त्रज्ञ तहसीलदाराला किंवा बँकेच्या अधिकाऱ्याला लेखी कळवू शकतो की या माणसाचे काम तुमच्याकडे आहे. श्रीलंकेच्या पेट्यांनी आणि बंदीने हेच तर शिकवले.

मग करायचे काय? नॉर्वेने २००६ मध्ये आरोग्यविषयक मार्गदर्शिका आणि नियतकालिके यांचे सरकारी इलेक्ट्रॉनिक ग्रंथालय उघडले. आपण त्याची नक्कल करू नये. आपली गरज त्याहून लहान आणि नेमकी आहे. मराठवाड्यासाठी एक उत्तरकक्ष असावा, तो अंबाजोगाईला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात. त्यात शोधाचे तंत्र जाणणारा एक ग्रंथपाल, दोन चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्र कळणारी एक व्यक्ती असावी. आठही जिल्ह्यांतील मानसशास्त्रज्ञाने, मानसोपचार परिचारिकेने किंवा उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने फोनवर किंवा संदेशाने प्रश्न विचारावा आणि आठवड्याच्या आत दोन पानांचे मराठी उत्तर मिळावे. उत्तरात काय करावे, काय करू नये, हा पुरावा कोणत्या लोकांवरचा आहे आणि तो किती पक्का आहे, एवढे असावे. पक्केपणाच्या उच्च, मध्यम, कमी आणि अतिशय कमी अशा चार पायऱ्या जगभर वापरल्या जातात, त्याच वापराव्यात. ‘याविषयी चांगला अभ्यास नाही’ हेही पूर्ण उत्तर मानले जावे. प्रत्येक उत्तरावर तारीख असावी आणि तीन वर्षांनी ते तपासून बदलावे किंवा काढून टाकावे. एकाला दिलेले उत्तर सर्वांना दिसावे, फक्त रुग्णाची ओळख पटेल असा तपशील त्यात राहू नये. लहान गावात नाव लपवले तरी वस्ती आणि व्यवसाय यांवरून माणूस ओळखू येतो.

याला जोडून दोन गोष्टी आवश्यक आहेत. मानसशास्त्रज्ञाच्या कामाच्या आठवड्यात वाचनासाठी आणि सहकाऱ्यांशी चर्चेसाठी दोन तास आदेशाने राखून ठेवावेत, कारण ‘फावल्या वेळात वाचा’ या सूचनेचा अर्थ वाचू नका असाच होतो. आणि मासिक अहवालात किती रुग्ण पाहिले, किती शिबिरे घेतली यांच्या जोडीला किती जणांचे गुण तिसऱ्या भेटीत पुन्हा मोजले आणि त्यांतले किती सुधारले, हा रकाना असावा. सुरुवातीला तो बहुधा रिकामाच येईल. रिकामा आला म्हणून कोणाला नोटीस जाता कामा नये, नाहीतर पुढच्या महिन्यात तो खोट्या आकड्यांनी भरून येईल. ऊसतोड मजुरांसाठी दोन बैठका आणि फोन हा क्रम चालतो का, दखनी किंवा गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या रुग्णाला प्रश्नावली कशी विचारावी, अशा ज्या प्रश्नांना जगात कोठेच उत्तर नाही, त्यांची उत्तरे पुढे याच रकान्यातून मिळू शकतात. विद्यापीठांतील मानसशास्त्र विभागांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या समायोजनावर आणखी एक प्रबंध लिहून घेण्यापेक्षा हे काम घ्यावे, अशी माझी जाता जाता विनंती आहे.

खर्च फार नाही. चार-पाच पदे, एक खोली, आणि नियतकालिकांच्या योजनेत रुग्णालयांना सामावून घेणारा एक आदेश. खरी अडचण कारभाराची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, आणि वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. उत्तरकक्ष महाविद्यालयात बसला तर त्याने आरोग्य केंद्राच्या प्रश्नाला उत्तर का द्यावे, असा शेरा फाईलवर येऊ शकतो, आणि तो नियमाला धरूनच असेल. म्हणून हा निर्णय एखाद्या अधिष्ठात्याच्या किंवा शल्यचिकित्सकाच्या पातळीवर सुटणारा नाही. दोन्ही विभागांच्या सचिवांनी संयुक्त शासन निर्णय काढून, जिल्हा परिषदांना त्यात घेऊन, उत्तरकक्षाची पदे एका विभागाच्या आस्थापनेवर आणि सेवा तिन्हींना अशी व्यवस्था लावावी लागेल. मराठवाड्यातील आमदारांनी अधिवेशनात रिक्त पदांचा प्रश्न विचारताना त्याच्याच खाली हा उपप्रश्न जोडला तरी कामाला सुरुवात होईल.